वाळूच्या छापील कोअरची सेवा : कोल्हापूरच्या एका निर्यातदार फाउंड्रीतील अनुभव

गेल्या वर्षभरात आमच्या फाउंड्रीने त्रिमितीय छपाईने बनवलेले वाळूचे कोअर, म्हणजे ओतीव भागाच्या आत पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचे वाळूचे आकार, एका व्यावसायिक छपाई केंद्राकडून तीन वेळा मागवले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण ज्या त्रुटी सांगणार आहे त्यांपैकी बऱ्याचशा आमच्या आणि त्यांच्या चर्चेतून मिटल्या आहेत. शिवाय या कामातून मला जे कळले, ते जितके त्या केंद्राविषयी आहे तितकेच, किंबहुना थोडे अधिकच, माल परदेशी पाठवणाऱ्या आमच्यासारख्या कारखान्यांच्या तयारीविषयी आहे.

शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमची फाउंड्री पंप आणि व्हॉल्व्ह यांची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, बनवते आणि त्यांतील मोठा हिस्सा युरोपात जातो. माझ्याकडे मेथड्स विभाग आहे, म्हणजे कास्टिंगचा साचा कसा मांडायचा, धातू कोठून आत घ्यायचा, रायझर, म्हणजे आकसणाऱ्या धातूला भर देणारा साठा, कोठे ठेवायचा आणि कोअर किती भागांत करायचा, हे ठरवण्याचे काम. एका जुन्या ग्राहकाने तीन आकारांच्या पंप हाउसिंगची चौकशी पाठवली. प्रत्येक आकाराचे वर्षाला सहा ते दहा नग, धातू एसजी आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे ओतीव लोखंड), प्रत ईएन-जीजेएस-४००-१५, मधल्या आकाराचे वजन ८४ किलो. आतला पाण्याचा मार्ग दुहेरी वळणाचा होता आणि मधल्या पडद्याची, म्हणजे दोन्ही बाजूंनी पाण्याचा मार्ग असलेल्या पातळ भिंतीची, जाडी अवघी सात मिलिमीटर होती.

असे काम आमच्याकडे नवे नाही. पॅटर्नमेकर लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्याभोवती वाळूचा साचा करतात ती प्रतिकृती, आणि कोअर बॉक्स, म्हणजे कोअर घडवण्याची पेटी, बनवतो. एवढा वळणदार कोअर एका बॉक्समधून निघू शकत नसल्यामुळे तो पाच तुकड्यांत काढावा लागतो, ते तुकडे चिकटवावे लागतात, सांधे भरून घासावे लागतात, आणि एवढे करूनही सांध्यावर धातूची कड येते किंवा एक तुकडा अर्धा मिलिमीटर सरकून पडदा एका बाजूला पातळ होतो. पंपाच्या आतल्या मार्गात हात पोचत नाही, त्यामुळे ती कड फेटलिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या नगाच्या साफसफाईत, काढणे हे वेगळेच संकट असते. त्यात कोल्हापूरचा पाऊस. जूनमध्ये शेडमध्ये ठेवलेला सागवानी पॅटर्न सप्टेंबरमध्ये बाहेर काढला की तो पुन्हा मोजल्याशिवाय वापरता येत नाही, हे इथल्या प्रत्येक फाउंड्रीला ठाऊक आहे. तीन आकारांचे पूर्ण टूलिंग करण्यास सात आठवडे लागणार होते आणि वर्षाला मिळणाऱ्या नगांच्या मानाने तो खर्च ग्राहकाला सांगण्याजोगा नव्हता. म्हणून बाहेरचा साचा नेहमीप्रमाणे आमच्याच साध्या लाकडी पॅटर्नवर नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणाऱ्या, वाळूत करायचा आणि फक्त कोअर छापून आणायचा, असे आम्ही ठरवले.

ही पद्धत ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मोठ्या पेटीत वाळूचा, मिलिमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिस्स्याएवढा थर पसरला जातो. या वाळूत आम्ल आधीच मिसळलेले असते. कागदावर शाई टाकणाऱ्या प्रिंटरसारखे मुद्रणशीर्ष त्या थरावर, जेथे कोअर हवा आहे तेवढ्याच जागी, आम्लामुळे घट्ट होणारी फ्युरान राळ टाकते, मग पुढचा थर येतो, आणि असे शेकडो थर झाल्यावर पेटीतील सुटी वाळू काढली की आतून अखंड कोअर मिळतो. मुळात ही कल्पना अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८० च्या दशकाच्या अखेरीस आकाराला आली. आज प्रचलित असलेल्या एका मोठ्या यंत्राची पेटी १८०० × १००० × ७०० मिलिमीटरची आहे, म्हणजे आमचे तिन्ही आकारांचे कोअर एकाच छपाईत बसतात. कोअर बॉक्स नाही, त्यामुळे तो उघडता यावा म्हणून द्यावा लागणारा उतार नाही, आणि तुकडे करण्याचे कारणही उरत नाही.

सेवेची पहिली परीक्षा दरपत्रकातच झाली आणि त्यात केंद्र उत्तम उतरले. मी त्रिमितीय मॉडेल आणि ड्रॉइंग पाठवले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या अभियंत्याचा दूरध्वनी आला आणि दर सांगण्याआधी त्यांनी तीन प्रश्न विचारले : धातू थंड होताना आकसतो त्या आकुंचनाची सूट मॉडेलमध्ये धरली आहे की त्यांनी द्यायची, कोअर प्रिंटला, म्हणजे कोअर साच्यात ज्या टोकांवर टेकतो त्यांना, किती मोकळीक हवी, आणि मॉडेलमधील एका फ्लँजची जाडी ड्रॉइंगमधील जाडीशी का जुळत नाही. तिसऱ्या प्रश्नाने मी गप्प झालो. ग्राहकाने ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती पाठवून महिना झाला होता. ड्रॉइंग खरेदी विभागाच्या फोल्डरमध्ये पोचले होते, पण मॉडेल मात्र माझ्या संगणकावर जुन्याच आवृत्तीचे होते. लाकडी पॅटर्नच्या कामात ही चूक कदाचित खपून गेली असती, कारण आमचे पॅटर्नमेकर अण्णा कागदावरचे ड्रॉइंग हातात घेऊन बसतात आणि शंका आली की माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहतात. छपाईत फाइल म्हणजेच पॅटर्न असतो. मध्ये कोणी अण्णा नसतात. त्या अभियंत्याने केवळ दर काढून पाठवला असता तर आम्ही चुकीच्या मापाचे सहा कोअर पूर्ण पैसे देऊन घेतले असते.

कोअर नऊ कामकाजाच्या दिवसांत मिळतील असे सांगितले होते, ते तेराव्या दिवशी आले. उशिराची पूर्वसूचना मिळाली नाही, ही या सेवेची मोठी उणीव मी पहिल्याच वेळी नोंदवली. निर्यातीच्या मालात चार दिवस म्हणजे कधी कधी आख्खे जहाज असते, कारण कंटेनर बंदरात पोचण्याची शेवटची वेळ आपल्यासाठी थांबत नाही. त्या वेळी नमुन्यांचाच टप्पा असल्यामुळे निभावले.

लाकडी खोका उघडला तेव्हा अर्धा कारखाना भोवती जमला होता. फोमच्या खाचेत बसवलेला कोअर दोघांनी उचलून बाकावर ठेवला. अण्णांनी चष्मा वर करून त्यावरून अंगठा फिरवला. उभ्या बाजूला थरांच्या बारीक रेषा लागत होत्या, जशा हाताने विणलेल्या चटईवर लागतात, आणि वळणाच्या माथ्यावर त्या रेषा रुंद होऊन पायऱ्यांसारख्या दिसत होत्या. अण्णा खाली वाकले, मार्गाच्या एका तोंडातून टॉर्च धरली, आणि आतून थोडी सुटी वाळू पांढऱ्या धारेने बाकावर सांडली. ती आत राहणे योग्य नव्हते. साफसफाईत केंद्राचा हात तेथपर्यंत पोचलेला नव्हता. आम्ही वाकडा ब्रश आणि कमी दाबाची हवा वापरून सगळे मार्ग पुन्हा साफ केले. सांधा कोठे आहे ते अण्णा शोधत राहिले. सांधा नव्हताच. चाळीस वर्षे कोअर बॉक्स बनवलेल्या माणसाने त्यावर एवढेच म्हटले, “हा मला पाच तुकड्यांतसुद्धा असा जमला नसता.”

यानंतर जे घडले तेच या परीक्षणाचे खरे कारण आहे.

ओतकामाच्या वेळी फ्युरान राळ जळून वायू तयार होतो आणि तो कोअरच्या आतूनच बाहेर गेला पाहिजे, नाही तर तो वितळलेल्या धातूत घुसून ब्लो होल, म्हणजे वायूची पोकळी, करतो. छापील कोअरचा एक मोठा फायदा असा की वायू जाण्यासाठीचा व्हेंट मॉडेलमध्येच आखता येतो आणि तो कोअरच्या पोटातून वळणे घेत कोअर प्रिंटच्या तोंडाशी उघडतो. ड्रिल मारून असा मार्ग करणे अशक्य आहे. मी तो आखला होता, केंद्राने तो अचूक छापला होता, आणि साच्यात त्याच्या समोर तेवढेच छिद्र ठेवले होते. सहा कास्टिंग ओतली. शॉट ब्लास्टिंगनंतर सहाही स्वच्छ दिसत होती. मशिनिंगमध्ये मात्र दोन नगांच्या वरच्या फेसवर ज्वारीच्या दाण्याएवढी छिद्रे उघडी पडली.

कारण शोधण्यात दोन दिवस गेले. आधी संशय राळेच्या प्रमाणावर होता, मग धातूच्या तापमानावर. शेवटी न वापरलेला सातवा, जादा मागवलेला कोअर आणून पाहिला तेव्हा दिसले की त्याच्या कोअर प्रिंटच्या तोंडावर ग्राफाइट वॉशचा, म्हणजे धातू वाळूला चिकटू नये म्हणून ब्रशने द्यायच्या लेपाचा, जाड थर होता आणि व्हेंटचे छिद्र त्याखाली पूर्ण बुजले होते. वॉश लावणारा मोल्डर आमचा सर्वांत काळजीपूर्वक काम करणारा माणूस आहे. त्याने सांगितले, “साहेब, कोअरला सगळीकडून सारखा वॉश द्यायचा, असंच आम्हाला शिकवलंय.” त्याचे शंभर टक्के बरोबर होते. त्या छिद्राचा अर्थ त्याला कोणी सांगितलेलाच नव्हता. चार नगांत थर योगायोगाने पातळ राहिला, दोघांत जाड. माझ्या संगणकावर तो व्हेंट निळ्या रंगात स्पष्ट दिसत होता, छपाई केंद्राच्या संगणकावर दिसत होता, ग्राहकाला पाठवलेल्या सादरीकरणातही होता. ज्याच्या हातात ब्रश होता त्याच्यापर्यंत मात्र तो पोचला नव्हता.

‘नवी पद्धत स्वीकारण्याची तयारी’ या शब्दांचा अर्थ आमच्या बैठकांमध्ये बहुधा भांडवल, यंत्र आणि व्यवस्थापनाची इच्छा एवढाच घेतला जातो. इच्छा आमच्याकडे भरपूर होती. भांडवल तर या सेवेत लागतच नाही, आणि तंत्रज्ञानही तयार होते. अपुरी होती ती कार्यालयातून ओतशाळेपर्यंतची वीस पावलांची वाट, ज्या वाटेने आजवर फक्त तोंडी सूचना आणि सवयी जात आल्या होत्या. जुन्या कामात ते चालत होते, कारण कोअर बॉक्स बदलला तरी कोअर हाताळण्याची रीत बदलत नव्हती. छापील कोअर दिसायला कोअरच असतो. म्हणूनच त्याला वेगळी वागणूक लागते हे कोणाच्या लक्षात येत नाही.

आता प्रत्येक छापील कोअरसोबत मोल्डिंगच्या जागी एक मोठे छायाचित्र लटकवले जाते. जेथे वॉश लावायचा नाही ती जागा त्यावर लाल रंगवलेली असते, आणि वॉश लावण्यापूर्वी व्हेंटमध्ये मेणबत्तीचा तुकडा बसवून नंतर काढला जातो. मेणबत्तीची कल्पना त्या मोल्डरचीच. दुसऱ्या मागणीच्या आठ नगांत एकही ब्लो होल आला नाही.

सेवेच्या तांत्रिक बाजूबद्दल एक गोष्ट एसजी आयर्न ओतणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावी. फ्युरानच्या पद्धतीत सामान्यतः गंधक असलेले सल्फोनिक आम्ल वापरतात. एसजी आयर्नमध्ये ग्रॅफाइट गोलाकार होते ते मॅग्नेशियममुळे, आणि वाळूतील गंधक कास्टिंगच्या पृष्ठभागाजवळचे मॅग्नेशियम खाऊन टाकते, त्यामुळे वरच्या पातळ थरात ग्रॅफाइट पुन्हा पत्रीच्या आकाराचे होऊ शकते. सात मिलिमीटरच्या पडद्याला पाण्याचा मार्ग दोन्ही बाजूंनी असल्यामुळे हा थर दोन्हीकडून येण्याची शक्यता होती. म्हणून आम्ही एक कास्टिंग बँडसॉने कापून पडद्याच्या दोन्ही पृष्ठभागांची सूक्ष्मरचना तपासली. चांगला वॉश लावलेल्या जागी हा थर नगण्य निघाला. ही तपासणी कोणीही टाळू नये, कारण नेहमीची चाचणीपट्टी वेगळी ओतलेली असते आणि तिच्यात हा दोष दिसत नाही.

याच संदर्भात केंद्राविषयीची माझी दुसरी तक्रार आहे. वाळूतील आम्लाचा प्रकार, वाकवण्याची ताकद आणि जळून जाणाऱ्या भागाचे प्रमाण यांचा अहवाल मला तीन वेळा पत्र पाठवल्यावर मिळाला. अहवाल चांगला होता, आमच्या प्रयोगशाळेत पडताळणी केली तेव्हा आकडे जुळले, मग तो मालासोबतच का येऊ नये? निर्यातदाराला प्रत्येक नगाचा माग देता यावा लागतो. वर्षभरानंतर ग्राहकाने विचारले की अमुक हीटच्या, म्हणजे धातूच्या अमुक वितळणीच्या, नगात कोणत्या छपाईचा कोअर होता, तर उत्तर कागदावर असले पाहिजे. तिसऱ्या मागणीपासून त्यांनी अहवाल आणि छपाईचा क्रमांक खोक्यावर देणे सुरू केले आहे, त्याबद्दल मी समाधानी आहे.

वाहतुकीत एकदा एक कोअर तुटला. रस्त्यावरच्या धक्क्यांपुढे वाळू टिकत नाही. केंद्राने तो विनामूल्य पुन्हा छापला, पाठवणीचा खर्च मात्र आम्ही सोसला. कोअर साठवण्याबद्दलही सांगतो : पावसाळी दमट हवेत तो उघडा ठेवू नये आणि शक्यतो आल्यावर आठवड्याच्या आत वापरावा. पाण्याचा वॉश लावल्यास भट्टीत नीट वाळवावा. आम्ही स्पिरिटचा वॉश वापरतो आणि पेटवून सुकवतो.

खर्चाविषयी अनेक जण पहिलाच प्रश्न चुकीचा विचारतात. छापील कोअरची किंमत कोल्ड बॉक्सच्या, म्हणजे कोअर बॉक्समध्ये वायूने घट्ट केलेल्या, कोअरशेजारी ठेवली तर ती नेहमीच भयंकर वाटेल. ती टूलिंगच्या खर्चाशी, चिकटवण्याच्या मजुरीशी आणि नाकारल्या जाणाऱ्या नगांशी एकत्र ताडून पाहावी लागते. आमच्या या हाउसिंगसाठी प्रत्येक आकाराच्या सुमारे पंचवीस नगांपर्यंत छपाई स्वस्त पडते, त्यापुढे कोअर बॉक्स. वर्षाला हजारो नग जाणाऱ्या ब्रॅकेटसाठी मी ही सेवा कधीही सुचवणार नाही. जुन्या पंपांचे सुटे भाग, नमुने आणि मोजक्या नगांची अवघड कामे यांसाठी मात्र ती आता आमच्या दरपत्रकाचा भाग झाली आहे.

शेजारच्या दोन-तीन कारखानदारांनी मला विचारले की मग यंत्रच का घेऊ नये. निर्यातदाराला केंद्र सरकारच्या ईपीसीजी (निर्यातवाढीसाठी भांडवली सामग्री) योजनेत भांडवली यंत्र सीमाशुल्काशिवाय आणता येते, हे खरे आहे. पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करून दाखवण्याचे बंधन त्यासोबत येते. ज्या पद्धतीत आपला मोल्डर अजून व्हेंट बुजवतो आहे, तिच्यावर सहा वर्षांचा शब्द देणे मला घाईचे वाटते. भाड्याच्या छपाईवर दोन-तीन वर्षे हात बसू द्यावा, कोणत्या कामांत ती खरोखर लागते ते आपल्याच नोंदवहीतून कळू द्यावे, आणि मग यंत्राचा विचार करावा. एकाच यंत्रावर कोल्हापूर, बेळगाव, सांगली येथील दहा फाउंड्रींचे काम होऊ शकते, त्यामुळे वसाहतीतील संघटनांनी सामायिक सुविधेचा विचार केला तर तो अधिक शहाणपणाचा ठरेल, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक अडचण बाहेरून दिसत नाही. परदेशी ग्राहकाने एकदा नमुना मंजूर केला की त्यासोबत प्रक्रियाही गोठते. वाहन उद्योगात तर पीपीएपीची, म्हणजे उत्पादनाच्या भागाला मंजुरी देण्याच्या प्रक्रियेची, कागदपत्रे असतात आणि प्रक्रियेत बदल करायचा तर ग्राहकाला आधी कळवून पुन्हा मंजुरी घ्यावी लागते. इतर उद्योगांतही पहिल्या नमुन्याच्या तपासणी अहवालाचे बंधन जवळपास तेवढेच असते. त्यामुळे पंधरा वर्षे उत्तम माल पाठवणारा निर्यातदार नव्या निर्यातदारापेक्षा अधिक बांधलेला असतो. त्याच्या मंजूर झालेल्या दोनशे भागांपैकी एकाचाही कोअर बदलायचा तर पत्रव्यवहार, नमुने, मोजमापे आणि तीन-चार महिने लागतात. अशा माणसाला ‘बदलाला तयार नाही’ असे म्हणणे अन्यायाचे आहे. आम्ही म्हणून जुन्या भागांना हात लावला नाही. नव्या चौकशीतच छापील कोअर पहिल्या नमुन्यापासून मांडला आणि मंजुरीच्या कागदावर तसा स्पष्ट उल्लेख करून घेतला. ग्राहकाच्या अभियंत्याने कापलेल्या कास्टिंगची छायाचित्रे आणि पडद्याची बारा ठिकाणची जाडी मागितली. सर्वांत पातळ जागी ती ६.७ मिलिमीटर होती. मंजुरी अकरा दिवसांत आली.

ज्यांना ही सेवा वापरून पाहायची आहे त्यांनी मॉडेलच्या आवृत्त्यांची नोंद एकाच ठिकाणी, एकाच माणसाकडे ठेवावी, एक कोअर जादा मागवावा, आणि ज्यांच्या हातून तो साच्यात बसणार आहे त्यांना खोका उघडताना बोलवावे. केंद्र निवडताना दरापेक्षा त्यांचा अभियंता काय प्रश्न विचारतो ते ऐकावे. ज्या केंद्राविषयी मी लिहिले त्यांच्याकडे मी पुन्हा जाईन. छपाईची अचूकता आणि मॉडेल तपासण्याची शिस्त यांसाठी त्यांना पूर्ण गुण देईन, वेळ पाळणे आणि आतली साफसफाई यांत अजून सुधारणा हवी असे त्यांना लेखी कळवले आहे.

चौथ्या मागणीची फाइल या आठवड्यात जाईल. या वेळी मॉडेल पाठवण्यापूर्वी ते संगणकाच्या पडद्यावर अण्णांना दाखवले. कोअर प्रिंटच्या एका कोपऱ्यात साचा मिटताना वाळू घासली जाईल, असे त्यांनी बोट ठेवून सांगितले, आणि तेथे दोन मिलिमीटरची गोलाई दिली आहे.